गोजरबाईच्या हातची खाच

निजामाच्या राज्यात, एकोणीसशे अडतिसाच्या आगेमागे, जवळा बाजारच्या सोनाजी लोहाराचे खटक्याचे चाकू पंचक्रोशीत नावाजलेले होते. पण त्या चाकूंचं मर्म होतं त्याच्या बायकोच्या, गोजरबाईच्या हातात. पात्याच्या बुडाशी ती कानशीनं खाच पाडी. पातं उघडलं की मुठीच्या पाठीवरच्या लवचीक पोलादी कमानीचा दात त्या खाचेत खट्‌कन बसे. मग कमान दाबल्याशिवाय पातं मिटायची बिशाद नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिला भात्यावर बसवलं होतं. एकदा सोनाजी तापानं पडला, तिनं कानस उचलली, ती पुन्हा खाली ठेवलीच नाही.

एका बाजारच्या दिवशी बंजारा तांड्यावरचा फुलसिंग त्यांच्या पालापाशी आला. तो कापसाच्या गाड्या हाकायचा. त्यांच्याकडूनच घेतलेला, वर्षभर वापरलेला चाकू पुढं करत म्हणाला, "सोनाजीबुवा, बराबर चालून राहिला. नुसती धार लावून द्या."

सोनाजीला चेव आला. भोवती गिऱ्हाईक जमलेलं. "वर्साचा जुना खटका, पाहा!" म्हणत त्यानं पातं उघडलं. खट्‌ वाजलं. मूठ आवळून त्यानं पात्याची पाठ फळीवर दाणकन आपटली.

पातं मिटलं, ते त्याच्या बोटांवर.

सोनाजीनं रक्ताळलेला हात छातीशी धरला. फुलसिंगनं पागोटं फाडून हात बांधला आणि त्याला गाडीत घालून हिंगोलीच्या दवाखान्याकडं बैल पिटाळले. शेजारी बसलेली गोजरबाई वाटभर एकच पुटपुटत होती, "खट्‌ वाजलं व्हतं. म्या ऐकलं."

बोटं वाचली, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत.

घरी येताच तिनं तो चाकू खोलला. खाच जशी पाडली होती तशीच होती, पण तिच्या तळाशी तेलानं थिजलेला, दगडासारखा घट्ट कापूस बसला होता. खट्‌ वाजलं होतं, पण दात त्याच्यावरच टेकला होता, आत उतरलाच नव्हता.

"काय निघालं?" सोनाजीनं विचारलं.

"कापूस," ती म्हणाली. लोखंड दगा देतं हे तिला ठाऊक होतं. कापसाचं भय तिला कधी शिवलंच नव्हतं.

चार दिवस तिनं चूल पेटवली, पण कानशीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी उठून तिनं त्या चाकूच्या मुठीला खाचेच्या जागी आरपार भोक पाडलं. दात बसला की नाही ते दिसावं, आणि घाण काडीनं बाहेर ढकलता यावी.

पुढच्या बाजारी ती पालावर उभी राहून ओरडली, "आमचा चाकू ज्याच्याकडं असंल त्यानं आणावा! भोक पाडून देते!"

"लोहारणीचं डोकं फिरलं," लोक हसले. फुलसिंग तांड्यावर घरोघर फिरला आणि उपरणंभर चाकू गोळा करून आला.

नंतर सोनाजी डाव्या हातानं भाता ओढायचा आणि घण गोजरबाई मारायची. भावकीनं नावं ठेवली. तिनं मान वर करून पाहिलं नाही.