भोईर बाईंच्या शाळेतली शनिवारची टेस्ट

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण लग्नाकार्यात माजी विद्यार्थी भेटले की प्रकाशसंश्लेषणाबद्दल एकही जण विचारत नाही. "गायकर सर, तो लघवीच्या टेस्टचा किस्सा सांगा ना!" एवढंच. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्यामागून तिसरा. पंगत उठते, हॉलवाला दिवे मालवायला लागतो, तरी माझं चालूच! म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावेत.

मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट. आमची शाळा नवीन पनवेलला. एके दिवशी गच्चीवर टाकीमागे गांजाची पुडी सापडली आणि संस्थेचे चेअरमन नानासाहेब हादरले. त्यांनी फर्मान काढलं : दर शनिवारी नववी-दहावीतल्या पाच मुलांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि त्यांच्या लघवीची ड्रग टेस्ट करायची. "पॉझिटिव्ह आला की शाळा सोडल्याचा दाखला हातात!"

मुख्याध्यापिका भोईर बाई एवढंच म्हणाल्या, "टेस्ट करू. दाखल्याचं बघू."

मी मात्र स्टाफरूममध्ये कडाडून विरोध केला. पोरांच्या लघवीत डोकावणं हे काय शिक्षकाचं काम आहे? बाईंनी माझं भाषण शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

*

बाईंनी ठरवलं, मुलांना लाज वाटू नये म्हणून पहिली टेस्ट शिक्षकाने द्यायची. कोणी? "ज्यांना मुलांचा एवढा कळवळा आहे त्यांनी!"

झालं! कप घेऊन मी आत. बाहेर पहाऱ्याला शाळेच्या शिपाई सुमनमावशी. दहा मिनिटं झाली, वीस झाली, एक थेंब नाही! मावशींनी दार ठोठावलं, "सर, नल सोडू का?"

समोरच दहावी ब चा वर्ग. खिदळण्याचा आवाज आतपर्यंत येत होता. शेवटी दोन तांबे ताक रिचवून पाऊण तासाने बाहेर आलो, तर पोरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. त्यानंतर एकाही मुलाने टेस्टला लाजून नकार दिला नाही. लाजेचा सगळा कोटा मीच संपवला होता.

*

सुमनमावशींचं माहेर करंज्याचं. लहानपण सगळं बंदरावर, मासळीच्या लिलावात गेलेलं. त्यांच्या हातून काही सुटायचं नाही.

एका शनिवारी एक पोरगा कप घेऊन ऐटीत बाहेर आला. लॅबचा टेक्निशियन थर्मामीटर शोधतोय, तोवर मावशींनी कप नुसता हातात घेतला. "रं पोरा, यो आताचा नाय. सकालचा हाय!"

कप थंडगार! पोराने मुकाट्याने खिशातून होमिओपॅथीची बाटली काढली. घरून धाकट्या भावाची भरून आणली होती! टेक्निशियन थक्क. "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"बोंबील घेताना नाय का हात लावून बगत? तसाच."

बाईंनी पोराला विचारलं, "का रे असं केलंस?" पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "बाई, दाराबाहेर कोणी उभं असलं की मला होतच नाही!" मी पुढे झालो आणि त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

*

कामोठ्याच्या एका आईचं तर विचारूच नका. मुलाची चिठ्ठी निघाल्यावर ऑफिसातून हाफ डे घेऊन धावत आल्या. "सर, पोर्शन काय आहे? क्लासवाले विचारतायत, मागच्या वर्षीचा पेपर मिळेल का?"

रिपोर्ट स्वच्छ आला. सोमवारी त्या आई पुन्हा हजर! तीन कॉपी हव्यात, तिन्ही साक्षांकित. अकरावीच्या ॲडमिशनला लागतील. भोईर बाईंनी न हसता तीन शिक्के मारले, तीन सह्या ठोकल्या.

"अहो बाई, हे कशाला लागतंय?" मी नंतर विचारलं.

"सर, आई खूश होऊन घरी गेली. आपल्या शिक्क्याचं काय झिजलं?"

*

एक मुलगा मात्र खरा सापडला. नववीतला. नाव सांगणार नाही, आणि आज तो काय करतो हेही नाही, कारण तेवढ्यावरून तुम्ही ओळखाल.

बाईंनी रिपोर्ट खणात ठेवून कुलूप लावलं आणि संध्याकाळी मला घेऊन विचुंब्याला त्याच्या घरी गेल्या. शाळेत छापील बोलणाऱ्या बाई तिथे एकदम घरच्या भाषेत शिरल्या. पोराला बाहेर पाठवून त्यांनी बापाला सगळं नीट सांगितलं. बापाने हात उगारायला पोराला हाक मारली तशा म्हणाल्या, "हात नाय लावाचा! रोज सकाली सारेसहाला माज्याकडं धाडा. आमी बगतो."

सहा महिने तो पोरगा शाळा भरण्याआधी बाईंच्या समोर बसून गणितं सोडवत होता. दर शनिवारी कुणालाही न कळता एक कप द्यायचा. आधी महिनाभर पॉझिटिव्ह, मग एकदा स्वच्छ, मग पुन्हा पॉझिटिव्ह, आणि मग कायमचा स्वच्छ. ज्या दिवशी मधेच तो पुन्हा पॉझिटिव्ह आला, त्या दिवशी बाई त्याला फक्त म्हणाल्या, "सोमवारी ये."

मी कशाला विरोध करत होतो आणि बाई काय करत होत्या! त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

पण नानासाहेबांना कुणकुण लागली. नवा हुकूम निघाला : "यापुढे रिपोर्ट थेट माझ्याकडे!"

*

आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच शनिवारी दहावीतल्या प्रणालीची चिठ्ठी निघाली. वर मान करून न बोलणारी पोर. टेस्टची पट्टी साधी असते, दर नशेची एक रेघ. नशा नसेल तर रेघ उमटते, असेल तर रेघ गायब. प्रणालीच्या पट्टीवर अफूची रेघ गायब!

नानासाहेबांनी त्याच दुपारी तिचा दाखला टाइप करायला सांगितला. सोमवारी येऊन सही करणार. बोर्डाचे फॉर्म भरायला आठवडा उरलेला. आत्ता दाखला हातात पडला की पोरीचं वर्ष गेलं, आणि नाव गेलं ते वेगळंच. ती बाईंच्या केबिनमध्ये हुंदके देत होती.

बाईंनी एकच विचारलं, "काल-परवा काय काय खाल्लंस?"

"अनारसे, बाई. आई फराळाच्या ऑर्डरी घेते ना. तुटलेले उरतात, ते मी डब्यात आणते."

बाई माझ्याकडे वळल्या. "सर, अनारशावरची खसखस कशाची असते?"

"अफूच्या बोंडातलं बी," मी सांगितलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणे विज्ञानाचा शिक्षक!

बाईंनी लगेच नानासाहेबांना फोन लावला. पलीकडून आवाज मलाही ऐकू आला. "बाई, पोरांना पाठीशी घालायची तुमची सवय मला माहीत आहे! दाखला म्हणजे दाखला!"

"बरं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारी संध्याकाळी प्रणालीच्या आईने केलेल्या अनारशांचा डबा नानासाहेबांच्या घरी पोचला. वर खसखस अशी थापलेली, की खालचा अनारसा दिसू नये.

सोमवारी नानासाहेब आले ते खुशीतच. "बाई, काय अनारसे होते हो! रात्री सहा खाल्ले, सकाळी चहाबरोबर चार!"

"आवडले ना? साहेब, सहीआधी एक विनंती होती. मुलांचा या टेस्टवर विश्वास राहिला नाही. तुमच्यासारख्यांनी स्वतः दिली तर..."

"अहो, आणा कप! पोरांसमोर आदर्श नको?"

पट्टी टेबलावर ठेवली. घड्याळ लावून पाच मिनिटं मोजली. गांजाची रेघ उमटली, बाकीच्याही उमटल्या, फक्त अफूची जागा कोरी. नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पट्टी डोळ्यांजवळ नेली.

भोईर बाईंनी खणातून दाखल्याचा एक कोरा फॉर्म काढला, पेनचं टोपण उघडलं आणि चौकटी भरायला सुरुवात केली. नानासाहेबांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, गाव लिहिलं. मग मान वर करून अगदी आदराने विचारलं, "साहेब, शाळा सोडण्याचं कारण काय लिहू?"