ओल्या गोणपाटातले अडतीस दाणे

अब्दुल रशीद मन्सुरी सरांची आणि माझी ओळख झाली ती एका शब्दावरून. शहाद्याजवळच्या आमच्या कृषी विद्यालयात मी नुकतीच दाखल झाले होते. सातपुड्याच्या पायथ्याचे गाव, घरात पावरी बोली, बाजारापुरती अहिराणी, आणि मराठी म्हणजे पुस्तकातली भाषा. त्यामुळे कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, अशी मी शेवटच्या बाकावर बसले होते. सर वर्गात आले, मूठ उघडून तुरीचे दाणे दाखवले आणि म्हणाले, "याला पुस्तकात तूर म्हणतात. तुमच्या घरी काय म्हणतात?" एकेक जण उठून सांगू लागला. माझी पाळी आली तेव्हा मी नुसतीच पुटपुटले. सर बाकापर्यंत चालत आले.

"पुन्हा सांग बेटा, मन्हा कान जाड शे."

मी सांगितले. त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला, आणि चुकीचा लिहिला. मग माझ्याकडून दोनदा म्हणवून घेऊन दुरुस्त केला. शिक्षकांची चूक आपण दुरुस्त करू शकतो हे मला तोवर माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावर जाऊन बसले.

सरांचे घराणे पिंजाऱ्यांचे. वडील शहाद्यात गाद्या-उशा भरत. कापूस हाताळता हाताळता बोटांना त्याचा धागा ओळखता यायला लागला आणि पुस्तक त्यानंतर हाती आले, असे सर सांगत. "हाताला आधी कळतं, वहीला मग," हे त्यांचे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले की त्यांनी "हाताला" म्हटले की उरलेले आम्हीच पूर्ण करत असू. म्हणायचो जोरात, वागायचो मात्र नेमके उलटे. त्या उलट्या वागण्याची आणि सरांनी ते सुलटे केल्याची गोष्ट मला सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात सांगायची आहे.

ज्यांचा शेतीच्या शिक्षणाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमच्याकडे प्रत्येक प्रयोगाची नोंद प्रात्यक्षिकाच्या वहीत करायची असते. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. वहीवर शिक्षकांची सही झाली की प्रयोग झाला. आता दर वर्षी प्रयोग तेच असतील, तर निरीक्षणेही तीच असायला काय हरकत आहे, असा सुज्ञ विचार आमच्या आधीच्या मुलांनी केला होता. जुनी वही वसतिगृहात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत असे. तिच्या कोपऱ्यांना तेलाचे डाग होते, पण अक्षर मोत्यासारखे.

दुसऱ्या वर्षी, रब्बीच्या तोंडावर, बियाण्याच्या उगवणशक्तीचा प्रयोग होता. ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे, पाचव्या दिवशी एकदा आणि आठव्या दिवशी शेवटचे मोजायचे. सरांचा यात एकच हट्ट असे: बी घरचे आणायचे. विद्यालयाचे पुडीतले बी चालणार नाही. मी घरून हरभरा आणला. वडील तोच पेरणार होते.

पाचव्या दिवशी सर वह्या तपासायला बसले. माझी वही उघडली. मग मला जवळ बोलावले. ते रागावले की आवाज खाली जातो, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. त्या दिवशी तो जेमतेम ऐकू येत होता.

"आठव्या दिवसनी नोंद आज कशी व्हयनी बेटा? आज ते पाचवा दिवस शे."

वहीत आठव्या दिवसाच्या रकान्यात ब्याण्णव लिहिलेले होते. सरांनी ढिगातली दुसरी वही उघडली. ब्याण्णव. तिसरी, चौथी, मका असो की ज्वारी, बी कोणत्याही गावचे असो, उगवण ब्याण्णव! नंदुरबार जिल्ह्याएवढे एकजुटीचे बियाणे जगात कुठे नसेल. आज मला हसू येते. त्या दिवशी कोणी हसले नाही, कारण सरांनी पुढचा प्रश्न विचारला.

"हाईच बी तुन्हा बाप पेरी ऱ्हायना का?"

"हो सर. उद्या."

"मंग ह्या ब्याण्णववर भरोसा ठेईसन त्यास्ले पेरू देवानं का?"

आमची ती जमीन कोरडवाहू. हरभरा तिथे जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो. ती ओल एकदा गेली की दुसऱ्यांदा पेरायची सोय नाही. बी नाही उगवले तर ते रान त्या साली पडीक, आणि मग घरातली सगळी माणसे ऊसतोडीला गुजरातेत. आम्ही चौघी बहिणी. मागल्या खेपेला घर बाहेर गेले तेव्हा थोरलीची शाळा सुटली होती. या खेपेला पाळी माझी असणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

मी सावलीतल्या खोलीत जाऊन माझी गुंडाळी आणली आणि सगळ्यांसमोर उलगडली. बुरशीचा वास आला. मी मोजू लागले, सर हात मागे बांधून बघत राहिले. अडतीस. पुन्हा मोजले, अडतीसच. बाकीचे दाणे बोटाने दाबले की फुटत होते.

गावात मोबाइलला रेंज नव्हती. सरांनी घड्याळ पाहिले, वसतिगृहाच्या बाईंना कळवले आणि मला म्हणाले, "ती गुंडाळी घे." मी वही उचलली तर म्हणाले, "वही राहू दे. वहीनेच घात केलाय." मुलीला घेऊन एकट्याने जायचे नाही म्हणून वाटेत त्यांच्या पत्नीला, फरीदा भाभींना, घरातून घेतले. भाभी कणीक मळून ठेवून निघाल्या होत्या आणि जीपमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत सरांना त्या कणकेबद्दल बोलत होत्या. सर ओले गोणपाट मांडीवर घेऊन बसले होते. त्यांची विजार भिजून गेली तरी त्यांनी ते खाली ठेवले नाही.

वडील वावरातच होते. दुसऱ्या दिवशीच्या पेरणीसाठी पाभर काढून ठेवलेली होती. सरांनी सांगितले तेव्हा वडिलांना ते पटेना. पावरी सरांना येत नव्हती आणि पुस्तकी मराठी वडिलांना, म्हणून दोघे बाजारातल्या अहिराणीत बोलत होते.

"सर, बी मन्हं घरनं शे. दर सालनं शे. खोटं कसं व्हई?"

"भाऊ, बी खोटं नही. थकेल शे. तुम्हीच मोजी देखा."

वडील उकिडवे बसले. एकेका दाण्याला बोट लावत त्यांनी आमच्या बोलीत मोजले. मोजून झाल्यावर वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि सरांना म्हणाले, "कागदवर मी भरोसा नही करस. हाई डोयासमोर शे."

मग उलगडा झाला. दर वर्षी आमच्याकडे बी राखेत कालवून, लिंपलेल्या कणगीत ठेवत. त्या वर्षी कणगी फुटली म्हणून वडिलांनी बी खताच्या रिकाम्या प्लास्टिक गोणीत भरून तोंड घट्ट बांधले होते. आत दमट राहून बी गेले. मामाचे बी राखेत होते. आमच्यात बियाण्याला नाही म्हणत नाहीत; मामाने ते त्याच संध्याकाळी दिले. पण सरांनी तेही तसेच पेरू दिले नाही. त्यातले शंभर दाणे गोणपाटात घालायला लावले, आणि या वेळी आईला. "तीन दिवस थांबा भाऊ, कोंब दिसतीन. ओल तितली शे," म्हणत त्यांनी स्वतः ढेकूळ फोडून वडिलांच्या हातात माती दिली.

तीन दिवसांनी वडिलांनी पेरले. पंधरवड्याने मी घरी गेले तेव्हा बांधावरूनच ओळी दिसल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधे कुठे खिंडार नाही. मी बांधावर बसून रडले. त्या साली आमच्या घरातून कोणी ऊसतोडीला गेले नाही. माझी शाळा सुटली नाही. एवढे लिहितानाही माझा जीव भांड्यात पडतो, इतक्या वर्षांनी.

पण सरांचे मोठेपण मला त्या वावरात नाही, तिथून परतल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात कळले. आम्ही सगळे बोलणी खायच्या तयारीने बसलो होतो. सरांनी फळ्यावर मोठ्या आकड्यात ९२ लिहिले आणि म्हणाले, "हा आकडा माझा आहे." नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी बी भिजवलेच नव्हते. तास रेटायचा म्हणून नमुन्याचा तक्ता फळ्यावर काढला आणि त्यात मनाने ब्याण्णव लिहिले. मुलांनी तो वहीत उतरवला, त्यांच्यावरून पुढच्यांनी. "इतकी वर्षं मी माझ्याच थापेखाली सही करत आलो," सर म्हणाले. "अक्षर बघत होतो, आकडा नाही." मग त्यांनी तो पुसला. ओल्या फडक्याने, दोनदा.

विद्यार्थ्यांसमोर इतके उघडे होणारे शिक्षक मी दुसरे पाहिले नाहीत. त्यानंतर आमच्या विद्यालयात दोन नियम आले. वह्या सरांच्या कपाटात कुलपात राहणार आणि मातीचे हात धुऊन आल्यावरच मिळणार. आणि प्रयोग फसला तर फसला असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण. पहिल्या वर्षी आमच्या वह्यांत इतके अपयश भरले की बाहेरून आलेले परीक्षक चक्रावले. "तुमच्याकडे काहीच उगवत नाही का हो?" त्यांनी विचारले. सर म्हणाले, "जे उगवत नाही ते यांना ओळखता येतं. विचारून बघा." परीक्षकांनी विचारले, आणि दुपारचे जेवण विसरून विचारतच राहिले.

पुढे मी त्याच विद्यालयात शिकवायला लागले. सर मला इतरांसमोर कटाक्षाने "मॅडम" म्हणत आणि बांधावर गेलो की "बेटा". पहिल्याच महिन्यात मी फवारणीचे प्रात्यक्षिक घेतले. द्रावण अचूक केले, पंप पाठीवर घेऊन दोन ओळी मारून दाखवल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश. सर म्हणाले, "फार छान. तुमचा हात तयार झाला मॅडम. त्यांचा?" चाळीस मुलांपैकी एकाच्याही पाठीवर पंप गेला नव्हता. प्रात्यक्षिकाच्या तासाला सर हात मागे का बांधून उभे राहतात, ते मला तेव्हा उमगले. चांगल्या शिक्षकाला करून दाखवायचा मोह सगळ्यात जास्त होतो, आणि तो आवरला नाही तर मुलांचे हात रिकामेच राहतात.

सरांचे गुण गाताना थोडे दोषही सांगावेत, नाहीतर ते म्हणतील, हेही ब्याण्णवच. त्यांचे अक्षर त्यांचे त्यांनाच लागत नाही. बैठकीला ते वेळेवर आल्याचे मला स्मरत नाही. कौतुक करायला लागले की त्यांचा घसा बसतो; "बरं आहे" म्हणजे त्यांची कमाल. पण वसतिगृहातली कोणती मुलगी जेवली नाही, हे मात्र त्यांना बाईंच्या आधी कळे, आणि दुपारी फरीदा भाभींचा डबा तिच्यापर्यंत पोहोचलेला असे.

सर निवृत्त झाले तेव्हा मला धास्ती वाटली होती. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली, पण सरांचे डोळे माझ्याकडे कुठे? ते डोळे कुठे गेले ते गेल्या रब्बीत कळले. कामाच्या घाईत मी गठ्ठ्याने सह्या करत होते. एका मुलीने माझ्या पेनापुढे हात आडवा धरला. धडगावकडची, वर्गात क्वचित बोलणारी. "मॅडम, आज सहावाच दिवस आहे." वही तिची नव्हती, तिच्या मैत्रिणीची होती. मैत्रीण तिच्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होती. मी पेन खाली ठेवले. रागवायचे सोडून मी हसत सुटले, आणि संध्याकाळी सरांना फोन करून सगळे सांगितले. मग सर म्हणाले, "बरं आहे." घसा बसलेला होता.

या लेखाची परवानगी मागायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली: "लिही, पण जे मोजलं तेच लिही." ती अट पाळायचा मी प्रयत्न केला आहे. आता शेवटी आपण शतायुषी व्हावे असे लिहायला पेन उचलले होते, सर. पण न मोजलेला आकडा आपल्यासमोर लिहायची माझी छाती नाही. साठ मोजून झाली आहेत, ती पक्की आहेत. पुढचा रकाना मी रिकामा ठेवते. आपण ठणठणीत राहा, फरीदा भाभींची बोलणी खात राहा. आम्ही दर वर्षी हात धुऊन आपल्या दारात येऊ, एक वर्ष मोजू, आणि मगच वहीत लिहू.