शेवंताबाईची भवानी

दिवाळे कोळीवाड्यातली शेवंताबाई रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन आमच्या बेलापूरच्या सोसायटीत यायची, आणि मला तिचा हेवा वाटायचा. सरळच सांगते, अजूनही वाटतो.

पंचाण्णव साली माझ्या नवऱ्याला, नंदकुमारला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याच उन्हाळ्यात तिचा नवरा नामदेव होडीत पाय घसरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. दुखणं दोघींच्या घरी सारखंच. मी देवाशी बोलणं टाकलं, देव्हाऱ्यात दिवासुद्धा लावेनाशी झाले. ही मात्र दिवसाची पहिली विक्री, तिची भवानी, माझ्याच दारात करायची, नोट कपाळाला लावायची आणि म्हणायची, "आईची किरपा."

"कसली कृपा?" एकदा माझ्या तोंडून निघालंच. "नवरा खाटेवर पडलाय ना तुझा?"

"हाय ना. पन सकाली मना हाक मारली, चहा मागितला," बोंबील साफ करता करता ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झटका आल्यापासून नंदकुमारने मला एकदाही हाक मारली नव्हती. हिचा नवरा बोलतो, वर देवही हिचाच. दुसऱ्या दिवशी मी दार अर्धवट उघडून सांगितलं, "मासळी नको."

ती गेली नाही. जिन्यातच पाटी ठेवून बसली. वरच्या मजल्यावरच्या क्षिप्राने पापलेट मागितलं, तर म्हणाली, "थांबा, भवानी व्हायची हाय." शेवटी मीच बाहेर आले.

"माझ्याच दारात कशाला अडून बसलीस? या घरात काय शुभ उरलंय?"

"तुमच्या भवानीचा पैसा मी एकवीरा आईपुढं ठेवते, बाय. सायबांच्या नावानं. नामदेवासाठी मागून झालं, आता आई बघील. सायबांसाठी मागायला कोन हाय? तुमी तर देवावर रुसलाय."

म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी देवाकडे मागणंही हिनेच चालवलं होतं. माझा नुसता जळफळाट झाला. चार बोंबील घेतले, नोट तिच्या हातावर ठेवली. ती कपाळाला लावणार, तोच मी परत हिसकावून घेतली.

"दे इकडे. माझ्या नवऱ्यासाठी मी मागेन."

आणि तिथेच, जिन्यात, डोळे मिटून ती नोट मी माझ्या कपाळाला लावली.