बायजाकाकीचा कोयता

बायजाकाकी माणसाचा चेहरा नंतर बघायची, आधी बोटं. खर्डीच्या पुढच्या पाड्यावर मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन पहिल्यांदा गेले, तेव्हा तिने माझा हात धरून उलटासुलटा केला आणि सोडून दिला.

"एक वण नाय. काय काम करतेस गो?"

"चळवळ."

"आन् ती कशानं करतात?"

मी पत्रक पुढे केलं. मजकूर माझाच, ठळक अक्षरांत: 'अकुशल महिला मजुरांना योग्य दाम मिळालाच पाहिजे!' काकी चौथी शिकलेली. तिने बोट ठेवून वाचलं. "अकुशल म्हंजे?"

"ज्या कामाला शिकावं लागत नाही, ते करणारे. सरकारी शब्द आहे."

ती चिडली नाही. कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीतून तिने कोयता काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "उद्या माझ्या राबाला शेजारणी येणारेत. धार लाव याला. शिकाया लागत नाय ना?"

भाताची रोपं करायची जमीन आधी भाजावी लागते. त्यासाठी थंडीत ऐनाच्या झाडाचे टहाळ तोडून वाळवतात, तो राब. शेजारणी तो आळीपाळीने तोडतात: आज मी तुझा, उद्या तू माझा. पण पहिला टहाळ पडायचा तो त्या घरच्या कोयत्याने. तो अडला तर सगळ्या पाड्यासमोर घरधनिणीची शोभा.

मी जोशात बसले. दगड कोरडाच घासायला घेतला. "पाणी टाक गो, तो पण तहानेला हाय!" पाणी टाकलं, एकाच बाजूने दणादण घासलं आणि अंगठा फिरवून बघितला. खरखरला! "काकी, लागली धार!" मी ओरडले. शेवग्याच्या फांदीवर घाव घातला आणि कड कागदासारखी दुमडली. काकी पदर तोंडाला लावून हसली. "ती धार नाय, लोखंडाची साल. उलट्या बाजूनं घास, म्हंजे गळंल."

पुढचं सांगताना आजही कान तापतात. काकी पाण्याला गेली आणि मला घाई झाली. कोयता उचलून मी थेट स्टेशनजवळचं वेल्डिंगचं दुकान गाठलं आणि तिथल्या ग्राइंडरवर धरला. काय ठिणग्या! काय मजा! दोन मिनिटांत काम फत्ते. नाचत परत आले, तर काकीचं तोंड उतरलं. पात्याच्या कडेला निळा पट्टा आला होता.

"पाणी उतरवलंस याचं." पोलाद तापून मऊ पडलं होतं. "मुरबाडच्या लोहारानं घडवलेला. तो म्हातारा आता नाय."

"मी नवा आणून देते."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. मग कोयता उजेडात धरून ती म्हणाली, "निळं तेवढं घासून काढ. आतलं चांगलं हाय. पुन्ना घाई केलीस तर हात मोडीन."

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत पाणी, घास, उलट, पुन्हा पाणी. काकी माझं मनगट धरून बसली होती. "हे हलवू नको. सगळं अंग हलव." दोन बोटं कापली. तिने हळद दाबली आणि खुशीत म्हणाली, "आता कसा कामाचा हात दिसतोय!" शेवटी तिने गवताची एक काडी पात्याला नुसती टेकवली. काडी तुटली. मी उडीच मारली!

सकाळी शेजारणी जमल्या. काकीने खालच्या फांदीवर घाव घातला. एकच! टहाळ खाली. मी टाळ्या पिटत सुटले.

"धार कुणाची गो, बायजे?" एकीने विचारलं.

"या अकुशल बाईची," काकी म्हणाली, आणि सगळ्या जणी खदखदून हसल्या.

हसता हसता माझंच डोकं तापलं. कोरडा दगड, साल, पाणी, मनगट! एका दिवसात मी चारदा हरले होते, आणि हे ज्यांच्या हातात मुरलेलं आहे त्यांना अकुशल म्हणायचं? कोणी ठरवलं? कागदावर सही करणाऱ्यांनी! आणि मी तेच निमूट छापलं. संध्याकाळी बसून एकेका पत्रकावरचा तो शब्द मी पेनने खोडला.

पुढच्या बैठकीत आमच्या संघटनेतला एक जण वैतागला. "अगं, सरकारी शब्द आहे. कोणाला विचारून खोडलास?"

मी टेबलावर वण उठलेली दोन बोटं ठेवली.