पांढऱ्या कॅसेटमधली बाई

त्या बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. फुकट जाहिरात करायची मला सवय नाही, आणि नाव वाचून ज्यांना काही आठवेल अशी माणसं आमच्याकडे तीनच होती. एक मी, पेणच्या रामवाडीतला. दुसरा रोह्याचा, माझ्याच वर्गातला, रोज गाडीनं पेणच्या कॉलेजात येणारा. तिसरा पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवणारा. तो वयानं मोठा, म्हणून आम्हा दोघांचा दादा.

दादाचा मेव्हणा बोटीवर होता. एका सुट्टीत त्यानं एक कॅसेट आणली आणि "बेकार हाय, वर भजनं भरून घे" म्हणून दादाकडे टाकली. भरायच्या आधी दादानं एकदा लावून बघितली. झालं.

ती निळी. अल्बमची खरी नावं आम्हाला माहीत होती, पण ती उच्चारताना उगाच तोंड वाकडं करावं लागायचं, म्हणून आम्ही प्लॅस्टिकच्या रंगावरून नावं पाडली. निळी, पांढरी, काळी. आम्हाला हव्यात म्हटल्यावर मेव्हण्याला त्या अचानक मोलाच्या वाटायला लागल्या. पुढच्या खेपांना तो कॅसेट आणायचा आणि जाताना परत न्यायचा. त्यामुळे पांढरी आणि काळी आम्ही बाजारातल्या रेकॉर्डिंगवाल्याकडून भरून घेतल्या. काळीवर आधी कुणाच्या तरी सभेचं भाषण होतं. अल्बम संपला की उरलेल्या पट्टीवर "आणि म्हणून बंधूंनो" असं यायचं, मग टाळ्या, मग खट्. आमच्यासाठी तो अल्बम कायम टाळ्यांनीच संपला. त्या वक्त्याला काय म्हणायचं होतं ते कधी कळलं नाही. पुढे मी स्वतः तसली भाषणं करायला लागलो, तेव्हाही नाही.

लोक विचारायचे, एवढं रडकं काय ऐकता? दादाचा मालक मातीचे हात घेऊन दादाच्या रंगकामाच्या माळ्यावर यायचा आणि म्हणायचा, "कोन मेलाय काय रं? कवाधरनं गळा काढलाय त्यानं." आम्ही हसायचो. पण ते रडकं नव्हतं. रडायला आधी काहीतरी वाटावं लागतं. तो गायक झोपेतून उठून लगेच उभा केल्यासारखा गायचा. मागे गिटारी लांब कुठेतरी, ढोल एका लयीत, कशाचीच घाई नाही. शब्द अर्धे कळायचे नाहीत. मी तापट माणूस. पत्रक लिहिताना माझ्या पहिल्या ओळीत 'जाहीर निषेध' असतोच. त्या गाण्यांत निषेध नव्हता, मागणी नव्हती, काहीच नव्हतं. तरी मी ती ऐकायचो. कारण मला आजही सांगता येत नाही.

दादाला मात्र कारण माहीत होतं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना तो पांढरीच लावायचा. "हिच्यात हात हलत नाय," म्हणायचा. बाकीचं अंग रंगवताना काहीही चालायचं, लावणीसुद्धा. डोळ्यांना पांढरी. पेणहून गेलेल्या किती गणपतींचे डोळे त्या गाण्यांवर उघडलेत, हे घरोघरी आरत्या करणाऱ्यांना ठाऊक नाही आणि मी सांगणार नाही.

वॉकमन रोह्याच्या मित्राचा होता. शनिवारी मी त्याच्याबरोबर रोह्याला जायचो. त्याच्या आईच्या हातचं जेवायचं आणि संध्याकाळी कंपन्यांच्या गेटवर शिफ्ट सुटताना आमच्या समितीची पत्रकं वाटायची. नदीत सोडल्या जाणाऱ्या कंपन्यांच्या घाण पाण्याविरुद्ध तेव्हा आमचं चाललं होतं. पॅसेंजरमध्ये तो खिडकीशी, मी त्याच्या उजव्या हाताला. इअरफोनचं एक बोंड त्याच्या उजव्या कानात, दुसरं माझ्या डाव्या. एका बोंडाचा स्पंज गेला होता. ते मी वापरायचो, कारण मशीन त्याचं. कासू, नागोठणं, निडी, असं करत रोहा येईपर्यंत एक अल्बम पुरा व्हायचा.

अशी दोन-तीन वर्षं गेली आणि एक दिवस दादाच्या कारखान्यात बसलो असताना तो म्हणाला, "पांढरीतल्या पाचव्या गान्यात ती बाई येते ना, तिथं माझ्या अंगावर काटा येतो."

"कुठली बाई?" मी म्हटलं.

"अरे मागनं गाते ती. त्याच्याबरोबर."

"बाईबिई कोणी नाही. तुला लग्नाची घाई झालीये म्हणून सगळीकडं बाया ऐकू येतात."

"शंभर वेळा ऐकलीय मी."

"मीपण शंभर वेळा ऐकलंय. एकटाच आहे तो. म्हणून तर चांगलं आहे गाणं."

दादा गंधाच्या रेषा ओढत होता. मान न वळवता म्हणाला, "बाई हाय. पन तुमी त्या वायरी बदलून ऐका की, येडपटांनो."

बदलून ऐकलं. बाई होती. सगळी त्याच्या बोंडात. माझ्या बाजूला दुसरी एक गिटार होती, ती त्यानं जन्मात ऐकली नव्हती. दोन-तीन वर्षं आम्ही एकेक अल्बम अर्धा अर्धा वाटून खाल्ला होता आणि पूर्ण कळल्यासारखी भांडणं केली होती. दादाच्या टेपला स्पीकर एकच, त्यात सगळं मिसळून यायचं, म्हणून त्याला दोन्ही ठाऊक. त्या दिवशी आम्ही खूप हसलो. पण पुढेही बसायच्या जागा आणि बोंडं तीच राहिली. मला बाई नको होती. त्याला ती सोडवत नव्हती.

कॉलेज संपल्यावर तो रोह्यातच एका कंपनीत टेम्पररी लागला. ब्लोअरच्या खोलीत, हवा फेकणाऱ्या मोठ्या यंत्राजवळ. मी समितीतच राहिलो. भेटी कमी झाल्या. मग एक दिवस इंग्रजी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या की तो बँड फुटला. मी कात्रण घेऊन दादाकडे गेलो, रोह्याला निरोप धाडला, आणि रविवारी दुपारी तिघं त्याच माळ्यावर जमलो. भोवती न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीनं उभ्या. दादानं चहा मागवला. कुणाला फार वाईट वाटलं असं नाही. फुटला तर फुटला. तरी तिन्ही अल्बम एकेक करून काढले. निळीतलं दुसरं गाणं वडखळच्या नाक्यावर एस.टी.ची वाट बघत पाठ केलं होतं, ते आठवलं. काळीतल्या टाळ्या तोंडानं वाजवून झाल्या. मग पांढरी.

"काय बी म्हना, पांढरीसारखी दुसरी नाय," दादा म्हणाला.

"माझ्या मनातनं ती उतरलीय," रोह्याचा म्हणाला. "आता ऐकतो ना, तर पोकळ वाटते. तो एकटाच गातोय, गातोय."

"आणि तुझी बाई? घटस्फोट झाला काय?"

तो हसला नाही. "रेकॉर्डिंग झिजलं असंल. येत नाय ती आता."

त्यानं पिशवीतून वॉकमन काढला. हल्ली तो एकटाच दोन्ही बोंडं घालून ऐकायचा. जुन्या सवयीनं तो माझ्या डाव्या बाजूला बसला. त्याचं बोंड त्याच्या उजव्या कानात, माझं माझ्या डाव्या. पाचवं गाणं लावलं.

"ही बाजू वाजतच नाय," तो म्हणाला. "वायर गेली."

मी त्याच्या कानातलं बोंड काढून माझ्या कानात घातलं. वाजत होतं. बाई स्वच्छ गात होती. मी ते त्याला परत दिलं. त्यानं पुन्हा उजव्या कानात घातलं, थांबला, काढलं, डाव्यात घातलं. चेहरा बदलला. मग पुन्हा उजव्यात. असं त्यानं तीनदा केलं. दादानं ब्रश खाली ठेवला.

"मळ असंल," तो म्हणाला.

"कंपनीत कुठल्या बाजूला असतो ब्लोअर?"

"उजव्या. डावीकडं पॅनेल. रीडिंग घ्यायला लागतं."

"कानाला काय देतात?"

"कापूस. तोपन घरनं न्यायचा."

मला जसं व्हायचं तसं झालं. घरी जाईपर्यंतही दम निघाला नाही, तिथेच दादाच्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून लिहायला घेतलं. जाहीर निषेध. कामगाराचा कान कुणाच्या बापाचा? असं पानभर. नाव नव्हतं घातलं, पण खोली होती, ब्लोअर होता, कापूस होता. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचायला लागलो, तर त्यानं कागद हातातून घेतला आणि स्वतः वाचला. घडी केली.

"बेस लिवलंयस. पन त्या खोलीत मी एकटाच असतो."

"मग?"

"मग काय? पुढच्या म्हैन्यात मला परमनंट करायचं चाललंय. त्याआधी मेडिकल हाय. डॉक्टर मागं उभा ऱ्हातो, एक कान बोटानं दाबायला सांगतो आनि हळू आवाजात आकडे बोलतो. आपन परत बोलायचे. मग दुसरा कान. मला वाटलं नव्हतं एवढं गेलंय. आता उजव्याला मी नापास. नागोठन्याच्या मुलीकडचे दोनदा विचारून गेले, परमनंट हाय का म्हनून."

"म्हणजे कान कंपनीनं घालवायचा आणि कान गेला म्हणून तुलाच घालवायचं? हेच छापायला पायजे!"

"छाप ना. मेडिकल झाल्यावर छाप." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आदी मला पास कर."

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. लाचार म्हटलं, एवढं पुरे. तो ऐकून घेत होता, डावा कान माझ्याकडे करून. शेवटी दादा म्हणाला, "झालं तुजं भाषन? आता मागं जाऊन उभा ऱ्हा."

मी मागे जाऊन उभा राहिलो.

पुढचे तीन रविवार आम्ही तेच केलं. तो स्टुलावर बसायचा, मी पाठीमागून कुजबुजत आकडे म्हणायचो. चोपन्न. एकवीस. अठ्याहत्तर. डावा कान दाबल्याचं सोंग करायचं, पण बोट आत जाऊ द्यायचं नाही, म्हणजे डाव्यानंच ऐकू येतं. साधी गोष्ट. पण त्याचं बोट खोटं दिसायचं, ताठ. दादा समोर बसून बघायचा. जन्मभर हातांची बोटं रंगवलेला माणूस. तो म्हणायचा, "जोर दिलेल्या बोटाचं पेर असं वाकतं. बघ. आनि मनगट खाली सोड. दाबनारा मानूस खांदा उचलत नाय." एकदा दादानं त्याला मूर्तीच्या वरदहस्ताशेजारी उभं करून फरक दाखवला. पहिल्या रविवारी दहात चार बरोबर आले. तिसऱ्या रविवारी दहाच्या दहा. आवाज आणखी बारीक केला तरी दहा. आम्ही टेप लावला नाही. आकड्यांना शांतता लागत होती.

तो पास झाला. परमनंट झाला. पेढे घेऊन आला, तेव्हा मी विचारलं, "छापू?"

"लगीन होऊ दे," म्हणाला.

लग्न झालं. मी गेलो, जेवलो. मग मी विचारणं सोडलं. राग यायला हवा होता, आला नाही. आत चाचपून बघितलं, नव्हता.

वर्षाभरानं त्याच कंपनीतले दुसऱ्या खात्याचे तिघेजण समितीकडे आले. कानात शिट्टी वाजते, बायको हाक मारते ते ऐकू येत नाही, असं सांगत. समितीनं कंपनीला रीतसर पत्र दिलं, तपासणीचे कागद मागितले. पत्राचा मसुदा माझा. उत्तर आलं. रविवारी सकाळी रोह्यात एका शाळेच्या वर्गात मीटिंग ठेवली, तीस-पस्तीस माणसं आली. माझा मित्रही होता, तिसऱ्या बाकावर, भिंतीशी.

मी उत्तर वाचून दाखवलं. आवाजाच्या जागी काम करणाऱ्या सर्व कायम कामगारांची वैद्यकीय तपासणी झालेली आहे. दोन्ही कानांची श्रवणशक्ती सामान्य आढळली आहे. ब्लोअर विभागातही कोणाची तक्रार नाही. कागद सोबत.

"म्हंजे आमी खोटं बोलतोय?" आलेल्या तिघांतला एकजण उठला.

"कागदच खोटे असतील," मागून कुणीतरी.

अध्यक्ष म्हातारे होते, गिरणीत काम करून आलेले. ते माझ्याकडे वळले. "ही तपासणी खोटी हाय, असं आपल्याला लिवता यील. पन त्यांनी कोर्टात इचारलं तर? एक तरी मानूस दाखवायला लागंल, तपासणीत पास हाय आनि ऐकू येत नाय असा. हाय आपल्याकडं?"

सोबतच्या कागदांत माझ्या मित्राची ओळ होती. दोन्ही कान, सामान्य. मी तिकडे पाहिलं. शेजारचा त्याच्या उजव्या बाजूनं काहीतरी बोलत होता आणि तो समोर फळ्याकडे बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं की मी थांबलोय. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मान हलवली नाही. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

"हाय का?" अध्यक्षांनी पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं. ते तिघे उठून गेले. आम्ही पुढचा विषय घेतला, पाण्याचा.