वैऱ्याच्या डोक्यावर विस्तव

विमलबाई प्रार्थनेला बसली की देवालासुद्धा मधे बोलायला जागा सापडत नसे. डोळे मिटायचे, पदर डोक्यावर घ्यायचा आणि आठवडाभराचं सगळं एका दमात त्याच्या पुढ्यात ओतायचं. गुडघ्याची कळ, डीपीचा उडालेला फ्यूज, भाचीचं लांबलेलं लग्न, कोणाची बकरी कोणाच्या तुरीत शिरली. शेवटचं "आमेन" असं ठासून, की देवाला वाटावं, बाई आता उत्तर घेतल्याशिवाय उठत नाही.

तिचा बाप वाशीमला मिशनच्या बंगल्यात माळी होता. गीतं, शास्त्र, रविवार हे सगळं तिला दुधाच्या दातांबरोबरच मिळालेलं. लग्न होऊन ती आसेगावकडच्या एका खेड्यात आली. नवरा देवाघरी गेल्यावर भाची पौर्णिमाला जवळ आणून ठेवलं. गावात ख्रिस्ती घरं इनमिन चार. रविवारी सारे विमलबाईच्या टिनाच्या छपरीत जमायचे आणि वाशीमहून अनुप पाळकसाहेब मोटरसायकलवर यायचे. पोरगेलेसे होते, पण माणूस सरळ. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. भाकरीचा एक तुकडा, द्राक्षरसाचा एक घोट. विमलबाई त्या तुकड्याच्या जोरावर महिना ओढायची.

पोट मात्र रोडग्यांवर चालायचं. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, तुपात चुरायचे, वर वांग्याची भाजी. सोपं वाटतं ना? करून पाहा. पंचक्रोशीत शेतातलं जेवण निघालं की पहिला निरोप विमलबाईला. गोवऱ्यांचा जाळ पुरता विझल्याशिवाय ती एक गोळा आत जाऊ देत नसे. पाहुणे भुकेनं कासावीस झाले तरी म्हणायची, "थांबा जरासक. मेल्यावर जाळतेत तुमाले, त्याच्या आंधी चांगलं भाजलेलं खाऊन घ्या."

काही वर्षांपूर्वी अशाच एका पंगतीत, बाबूसिंग नाईकाच्या मळ्यात, घात झाला. तिचा शेजारी शालिग्राम, भिंतीला भिंत लागून घर, नवऱ्याचा जुना दोस्त, यानं रोडगा फोडला आणि अख्ख्या पंगतीत ओरडला, "वयनी, आतून कच्चं हाय वं!"

पंगत हसली. विमलबाई हसली नाही.

तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. तिनं आपल्या बोकडाचं नाव शाल्या ठेवलं आणि सकाळ-संध्याकाळ भर गल्लीत त्याचा उद्धार चालू केला. "ऊठ बे शाल्या! खाते किती, कामाचा किती!" भिंतीपलीकडून शालिग्राम खाकरायचा. बोकडाला बिचाऱ्याला आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवाळी होऊन थंडी पडली होती. पहिला रविवार. भाकरीचं ताट फिरायच्या आधी पाळकसाहेब म्हणाले, "कोणाबद्दल मनात अढी असेल, तर आधी समेट करा. मग या मेजाजवळ या."

ताट निघालं. आणि पौर्णिमाचा बारीक आवाज, "आत्या, शालिग्रामकाकाचं काय?"

साऱ्या माना वळल्या. विमलबाईचा ताटाकडे निघालेला हात अर्ध्यावरच थांबला, मग पदराखाली गेला. त्या दिवशी तिनं तुकडा घेतला नाही. एवढी साठीला आलेली बाई, पण भरल्या पंगतीतून कोणी दंडाला धरून उठवावं तसं वाटलं तिला.

उपासना संपल्यावर तिनं पाळकसाहेबांना मोटरसायकलजवळ गाठलं.

"समेट करू म्हन्ता. पन मनातून येऊन नाई राह्यलं तं?"

"सुरुवात हातानं करा, मावशी. मन मागून येतं."

"आन नाई आलं तं?"

पाळकसाहेबांनी शास्त्रातली गोष्ट सांगितली. वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. असं केल्यानं त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होते.

विमलबाईचे डोळे लकाकले. "डोक्यावर? निखारे?"

"म्हणजे मावशी, त्याला स्वतःची लाज वाटते, त्याचं मन—"

"मनाचं राहू द्या. विस्तव पडते ना? बस झालं."

शास्त्रात इतकी कामाची गोष्ट असून आजवर कोणी तिला सांगितली नव्हती. आणि देवाची करणी पाहा, वैरी खरंच भुकेला होता. शालिग्रामची बायको प्रयागबाई पोरीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेलेली. हा बुवा दिवसा हरीओमच्या टपरीवर चहा-टोस खायचा आणि रात्री खिचडी करपवायचा. वास भिंतीवरून यायचा.

विमलबाईनं कटोरीभर वांग्याची भाजी काढली, वर तेलाची तर्री. पौर्णिमाच्या हातात दिली.

"सांगजो, आत्यानं धाडली. आन त्याच्या डोक्याकडे पाह्यजो."

"डोक्याकडे कायले?"

"पाह्य म्हनलं ना!"

पौर्णिमा परत आली. "काई नाई झालं वं आत्या. दोन भाकरीसंग खाल्ली. बोटं चाटली. टोपी व्हती, डोकं दिसलंच नाई."

दुसऱ्या दिवशी कटोरी परत आली ती हरभऱ्याच्या सोल्यांनी, ओल्या हिरव्या दाण्यांनी, भरून. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, ही रीत शालिग्रामलाही ठाऊक. विमलबाईचा सगळा हिशेब बिघडला. विस्तव पाठवावा आणि सोले परत यावेत, हा कुठला न्याय? तिनं सोल्यांची भाजी केली आणि त्याच कटोरीत त्यालाच पाठवली. कटोरी लिंबं घेऊन आली. दाळभाजी गेली, तुरीच्या शेंगा आल्या. भरीत गेलं, बोरं आली. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून पाहायच्या, आज कटोरीत काय चाललं म्हणून.

"काका म्हनत व्हते, मीठ कमी हाय," पौर्णिमानं एकदा सांगितलं.

"कमी हाय? त्याची जीभ झ..." विमलबाईनं तोंडावर हात ठेवला. शिव्या सोडल्या होत्या ना तिनं, निदान महिन्यापुरत्या. "त्याची जीभ... बरी राहो. आमेन."

प्रार्थनेत मात्र ती मोकळं बोलायची. "प्रभू, मी माह्यं काम करून राह्यली. तू तुह्यं कर. जास्त नाई म्हनत. टोपी जळन इतका तरी पडू दे."

पडत काही नव्हतं. उलट शालिग्रामचं पोट सुटायला लागलं.

एका संध्याकाळी पौर्णिमा पिठलं ढवळत होती. भिंतीपलीकडून खोकल्याची उबळ आली. विमलबाई भाकर थापता थापता म्हणाली, "तिखट कमी टाकजो वं. खोकून राह्यला तो."

पौर्णिमानं हात थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"अशी काय पाह्यतं? तिखट कमी कर म्हनलं, विस्तव नाई."

पण भाकर थापताना तिचा हात जरा अडखळला. हातानं सुरुवात करा म्हणाला होता तो पोरगा. या हाताला लाज नाही का, न विचारता मनाला बोलवायला?

पुढल्या महिन्याच्या पहिल्या रविवारचा आदला दिवस उजाडला. समेटाचं अजून नाव नव्हतं आणि त्या दिवशी कटोरीच परत आली नाही. दुपार झाली. विमलबाईच्या मनात उकळ्या फुटल्या. सरलं वाटते बुवाचं घरातलं. हरला! मग भिंतीवरून धूर आला. साधा नाही, डोळे झोंबवणारा.

कटोरी मागायचं निमित्त करून ती इतक्या वर्षांनी शालिग्रामच्या आवारात शिरली.

शालिग्राम उकिडवा बसला होता. समोर गोवऱ्या भडकलेल्या आणि त्या जाळातच गोळे टाकलेले. डोळ्यांतून पाणी, नाकाच्या शेंड्यावर काजळी.

"काय करून राह्यले हे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"कटोरी रिकामी कशी धाडू?" तो खाल मानेनं म्हणाला. "घरात काईच ऱ्हाइलं नाई. म्हनलं, रोडगे करावं."

त्यानं काठीनं एक गोळा बाहेर काढून थाळीत ठेवला. बाहेरून कोळसा. विमलबाईनं तो फोडला. आतली कणीक चिकासारखी ताणली गेली.

हा तो क्षण. इतकी वर्षं तिनं एक वाक्य घासून-पुसून ठेवलं होतं. भिंतीपाशी जाऊन गल्लीकडे तोंड करायचं, बस. तिनं श्वास भरलासुद्धा.

तेवढ्यात फाटक ढकलून हरीओम धावत आला, मागं टपरीवरची दोन रिकामटेकडी माणसं. "काय पेटलं गा? कडब्याची गंजी पेटली का?" हरीओमला एक गोष्ट कळली की संध्याकाळच्या आत ती शेजारच्या इंझोरी गावापर्यंत पोचते. विस्तव पाहून त्याचा जीव भांड्यात पडला, आणि फुकटचं दिसलं म्हणून त्यानं थाळीतला अर्धा रोडगा उचलून तोंडात टाकला. लगेच थुंकला.

"थू! आतून कच्चं हाय! कोनं केले बाप्पा?"

शालिग्रामनं टोपी काढून हातात चुरगाळली. टकलावर घाम, कानाच्या पाळ्या लाल. आता सारं गाव हसणार, हे त्याला दिसत होतं. विमलबाईलाही दिसत होतं. बाबूसिंगच्या मळ्यात आपलं तोंड असंच झालं असेल काय, असं तिच्या मनात आलं. येऊ द्यायला नको होतं. पण आलं.

"म्या केले," ती म्हणाली.

"तुमी? विमलबाई तुमी?"

"हो, म्या! काहून, माह्या हातून चुकत नाई का? जाळ इझू देला नाई. तू काय पयशे देऊन खाल्ला का रे? निंघ आता."

हरीओम निघाला. निघाला कसला, उडालाच, मागं ती दोन माणसंही.

आवारात दोघंच राहिले.

"वयनी, कायले खोटं बोलल्या?"

"मले काय मालूम! निंघालं तोंडातून."

"मी जातो, खरं सांगतो त्याले."

"बसा खाली! एवढ्या मुश्किलीनं माह्याच्यानं एक काम झालं, ते नका उलटं करू."

तो बसला. टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "पंगतीत बोलाचं माह्यं काम नव्हतं. चुकलंच ते."

"रोडगे कच्चे नव्हते."

"एक व्हता."

"एकच?"

"एकच. माह्याच पत्रावळीत आला."

विमलबाईनं विचार केला. पाचशे माणसांचा स्वयंपाक. "एक असंल," ती म्हणाली, आणि पदर खोचून काठीनं गोवऱ्या पसरायला बसली. "पाह्यत काय बसले? कनीक मळा दुसरी."

रविवारी उपासनेआधी तिनं पाळकसाहेबांना पुन्हा मोटरसायकलजवळ गाठलं.

"साहेब, समेट झाला. पन खोटं बोलून झाला. आता मेजाजवळ येऊ का नाई?"

पाळकसाहेबांनी सगळी हकिकत ऐकली. आधी कपाळावर आठ्या, मग मिशीखाली काहीतरी हलायला लागलं ते त्यांनी रुमालानं दाबलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात रोडग्यांवर धडा नव्हता.

"खोटं बोलून तुमचा काही फायदा झाला का?"

"फायदा? इंझोरीच्या लग्नाचं काम गेलं माह्यं. काल सांजीच फोन आला, दुसरी बाई पाह्यली म्हने."

पाळकसाहेबांनी रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, "खोट्याची माफी मागा, मावशी."

"मांगली. पन खरं सांगतो साहेब, पस्तावा पुरता होऊन नाई राह्यला."

"जेवढा झालाय तेवढा घेऊन या."

छपरीत गीत झालं, प्रार्थना झाली. विमलबाईची प्रार्थना त्या दिवशी इतकी आखूड झाली की चार घरांनी दचकून डोळे उघडले. ताट फिरत फिरत तिच्यापुढं आलं. तिनं हात पुढं केला, या वेळी तो थांबला नाही. तुकडा उचलला. शेजारी पौर्णिमा एक डोळा किलकिला करून, आत्या खरंच खाते की नाही ते पाहत होती.

"डोये मीट वं पोट्टे," विमलबाई कुजबुजली, "देवाच्या पंगतीत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाह्यत नसतेत," आणि तुकडा तोंडात टाकला.