काशीत सोडलेलं सफरचंद

बाळांनो, वाराणसीत उतरले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की गंगा दिसलीच नाही. पहिलं दर्शन घडलं ते वांग्यांचं. गंगेपलीकडच्या रामनगरची ही वांगी तुमच्या फुटबॉलपेक्षा थोडीच लहान. हातगाडीवर नीट रचून ठेवलेली.

अमृतराव घाटाजवळ तुमच्या आजोबांच्या चुलतभावाच्या पत्नी, उषावहिनी, राहतात. त्यांच्या घरी मराठीत हिंदी सहज मिसळते. "ये सुमन, बस. आधी गरमागरम निमोना खा, बातें नंतर." निमोना (हिरवे मटार भरडून केलेली रसभाजी) आणि भात. मटार सकाळीच पलीकडच्या तीरावरून आलेला. निमोना मी दोनदा वाढून घेतला.

काशीला आलेल्याने आवडीचं एक फळ किंवा भाजी कायमची सोडायची, अशी आपल्याकडे रीत आहे. मी पुण्याहूनच पडवळ ठरवून गेले होते. वहिनींची सून मीनल शाळेत शिकवते. तिने विचारलं, "काकू, पडवळ आवडतं तुम्हाला?"

"मुळीच नाही."

"वा! इथे सगळे कारलं नाहीतर पडवळच सोडून जातात. भगवान को भी बुद्धू समझते हैं."

"मीनल, मोठ्या आहेत त्या!" वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीतून सफरचंद काढलं. मीनलने त्यावरचा परदेशी स्टिकर वाचला. "काकू, हे तर तुमच्यापेक्षा जास्त फिरलंय!"

मला हसू आलं. फोडी केल्या, पण पहिली उचललेली फोड परत ताटलीत ठेवली. आजोबा रोज सकाळी सफरचंदाच्या चार फोडी करत. दोन माझ्या, दोन त्यांच्या. ते गेल्यावरही मी हा नेम मोडला नाही. हंगाम नसला की परदेशातलं घ्यायचं. गारठवलेल्या जहाजातून, केवढं तरी इंधन जाळून ते माझ्या ताटलीत येतं, हे मला माहीत होतं. पण ते सोडायचं म्हणजे आजोबांनाच टेबलावरून उठवल्यासारखं. वहिनींनी माझा चेहरा ओळखला. "सुमन, तू पडवळच सोड. कुणी काही म्हणणार नाही."

संकठा घाटाच्या पायऱ्यांवर गुरुजींनी माझ्या ओंजळीत गंगाजल दिलं. "काय सोडता?"

पडवळ ओठांवर आलं होतं. "परदेशातून येणारं सफरचंद," मी म्हणाले.

"काश्मीरचं चालेल?"

"हंगामात मिळालं तर."

गुरुजी हसले. "आता त्यागालाही अटी आल्या!" मी ओंजळ सोडली. पाणी फार गार होतं. वहिनींनी माझा हात धरला आणि वर घेऊन आल्या.

पुण्याला परतल्यावर पहिल्या सकाळी पेरू चिरला. बिया दातांत अडकल्या. आजोबांची आठवण सफरचंदात नव्हतीच, असं लिहिणं सोपं आहे. ते खरं नाही. त्या दिवशी टेबल फार मोठं वाटलं. पण चौथ्या फोडीपर्यंत मी त्यांच्याशी बोलू लागले होते, आणि पेरू खरोखर गोड होता.

तुम्हीही दुकानात एखादं फळ उचलाल तेव्हा ते कुठून आलं, एवढं विचारून बघा. जवळचं मिळत असेल तर ते घ्या. माझं विचाराल तर, पेरूचा हंगाम संपल्यावर काय खायचं ते अजून ठरलेलं नाही. बाजारात पुढचं फळ येईल तेव्हा कळेल. या वयात सकाळी उठून कशाची तरी वाट बघायची, हे मला बरं वाटतं.